बायजावहिनींच्या बाजूचं दार

भिजवलेले वाल अर्धे सोलून झाले होते, अर्धे अजून परातीत पाण्यात होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. "नूतन, हात पूस आणि चष्मा लावून ये."

गोविंदभाऊंची हाक एकदाच येते. दुसऱ्यांदा ते हाक मारत नाहीत, दारात येऊन उभे राहतात, आणि मग चहा करावा लागतो. म्हणून वाल तसेच टाकून मी गेले.

घोलवडला त्यांची चिकूची वाडी आणि आमची वाडी अगदी लागून. मध्ये मेंदीचं कुंपण, आणि कुंपणात माणूस आडवं होऊन जाईल एवढी फट. ती फट त्यांच्या बायकोने, बायजावहिनींनी, आणि मी जाऊन-येऊन पाडलेली. तिच्यातून पलीकडे गेले तर भाऊ आपल्या पांढऱ्या व्हॅनच्या डाव्या दारापाशी उकिडवे बसलेले.

"हे बघ. काय आहे हे?"

दाराच्या अगदी खालच्या कडेला रंगाला फोड आला होता. बोटाने दाबला तर आत पोकळ, वरची साल हलायची.

"भिजलेला वाल," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आत्ता सोलत होते ना, तस्सं दिसतंय. साल सुटलीय."

"मग सोलू?"

"अजिबात नाही!" पायरीवरून वहिनी ओरडल्या. "घरात कोणाला फोड आला तर सोलता का? राहू दे तसाच, बसेल आपोआप."

ही २०१४ सालची गोष्ट, पावसाच्या आधीची. फोड बसला नाही. भाऊंनी फाटकाला लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट आणला, ब्रशने फोडावर दोन हात मारले, लांब उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "झालं. मलम लागलं."

गाडी त्यांनी त्याआधी दहा वर्षं घेतली होती, चिकूचा हंगाम चांगला गेला तेव्हा. आळीत तेव्हा चारचाकी दुसरी नव्हती. त्यामुळे ती नावाला भाऊंची, बाकी सगळ्यांची. बाळंतिणीला न्यायचं असो, बोर्डीच्या शाळेत स्नेहसंमेलनाचं सामान न्यायचं असो, आमच्या ह्यांचा पाय मोडला ते असो, भाऊ किल्ली घेऊन आधीच बाहेर. चालवायचे मात्र असे की पाठीमागून सायकलवाला घंटी वाजवायचा. "माझ्या गाडीला हॉर्नची गरज नाही," म्हणायचे, "लोकच मला वाजवतात."

वहिनींची जागा पुढे, डाव्या बाजूला. त्या जागेवर दुसरं कोणी बसत नसे. त्यांचे गुडघे गेलेले, पाठीमागे चढता यायचं नाही. दार उघडून आधी पाठ टेकवायच्या, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायच्या, आणि मग दार ओढताना म्हणायच्या, "गजानना, चल."

गणपती आमच्या आळीत दीड दिवसाचे. विसर्जन बोर्डीला. आमच्याकडचा समुद्र उथळ, ओहोटी लागली की पाणी इतकं लांब जातं की तिथे उभ्या असलेल्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही. आणि आम्हाला उशीर ठरलेला, कारण बायजावहिनींना एकही आरती गाळलेली चालायची नाही. दत्ताची झाली की विठोबाची, विठोबाची झाली की देवीची. भाऊ टाळ वाजवता वाजवता मला हळूच म्हणायचे, "समुद्र कंटाळून गुजरातेत गेला बघ."

मग त्या ओल्या वाळूतून वहिनी चालणार कशा? म्हणून भाऊ व्हॅनच खाली उतरवायचे. ओहोटीची वाळू टणक असते, गाडी रुतत नाही. पार पाण्यापर्यंत न्यायची, वळवून मागची चाकं पाण्यात जाईपर्यंत उलटी घ्यायची, मागचं दार वर करून गणपतीचा पाट उचलायचा. वहिनी आपल्या जागेवरून दार उघडून दोन्ही पाय खाली सोडायच्या. लाट यायची, त्यांच्या पायांवरून गाडीखाली जायची. हात जोडून बसलेल्या असायच्या, तोंडाने पुटपुटत. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी भाऊ त्यांच्याकडे तेव्हा असे बघायचे की आपणच तोंड फिरवावं.

विसर्जनाहून पाट रिकामा आणत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्रातली मूठभर वाळू पाटावर घ्यायची, घरी आणून तिची आरती करायची, आणि मग ती थोडी धान्यात, थोडी कपाटात, थोडी दाराशी ठेवायची. वर्षभर घर राखते. मीही ठेवते. वहिनींचं त्यात एक जास्तीचं होतं. त्या आपल्या जुन्या पोलक्याचे तुकडे फाडून त्यात वाळूच्या बोटभर पुरचुंड्या बांधायच्या, आणि व्हॅनच्या दारांत काच जिथून खालीवर होते त्या फटीतून पट्टीने आत ढकलायच्या. एक आपल्या दारात, एक भाऊंच्या, मागची दारंही सोडायच्या नाहीत. उरलेली वाळू पायाखालच्या मॅटखाली.

"बायजा, एवढी वाळू भरून काय बंगला बांधायचाय?"

"गप बसा. लोक लिंबू-मिरची टांगतात, त्यापेक्षा हे बरं. तुम्ही चालवता, मला घोर लागतो."

"मी चालवतो? मी तर ढकलतो."

त्यांचा मुलगा दीपेश वापीला कंपनीत कामाला, सणाला यायचा. तो हसायचा. "आई, तुझ्या देवाला लायसन आहे का?" वहिनी त्यालाही गप बस म्हणायच्या, पण त्याला म्हणताना आवाज बारीक व्हायचा. मुलगा हसला की त्यांना लागायचं. मला माहीत आहे, कारण मग त्या कुंपणाच्या फटीतून माझ्याकडे येऊन बसायच्या आणि उगाच लसूण सोलायच्या.

पुढच्या वर्षी एका फोडाचे चार झाले. मग उजव्या दाराला, मग मागे चाकावर. भाऊ दर पावसाआधी ब्रश घेऊन बसायचे. पांढऱ्यावर पांढरं, पण उन्हाने ते वेगवेगळं पिवळं पडायचं, म्हणून गाडी देवी येऊन गेल्यासारखी दिसायची. "गोवर आहे, गोवर," भाऊ म्हणायचे. "अंगावर निघू दे, आत राहिला तर वाईट." आता कळतं की ते आतच होतं, आणि दरवर्षी आम्ही वरून त्याला पांघरूण घालत होतो.

सोळा साली वहिनी आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, वापीच्या दवाखान्यात खेपा. गोळ्या खाऊन घ्यायच्या, खाल्ल्याशिवाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि वहिनींचे सोमवार, संकष्टी, एकादशी चालूच. दीपेश चिडायचा, हात जोडायचा, पुन्हा चिडायचा. वहिनी म्हणायच्या, "अरे, वरई खाते ना मी." भाऊ मध्ये पडत नसत. व्हॅन बाहेर काढून ठेवायचे, दार उघडून.

सतराच्या गणपतीत वहिनींना दार उघडून पाय खाली सोडणंही झालं नाही. काच खाली करून त्यांनी नमस्कार केला. घरी आल्यावर पाटावरची वाळू पुढ्यात घेऊन बसल्या, तर बोटांनी गाठ बसेना. भाऊंनी त्यांच्या हातातला तुकडा घेतला. सगळ्या पुरचुंड्या त्यांनी बांधल्या, बाहेर जाऊन एकेका दारात पट्टीने ढकलल्या. तेव्हा बंगल्याचा विनोद केला नाही.

दिवाळीनंतर वहिनी गेल्या.

तेराव्याच्या पंगतीत दीपेश वाढत होता. कोणीतरी सांत्वन म्हणून म्हणालं, देवमाणूस होती, देवाने नेली. त्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "देवाने नाही नेली. उपासांनी नेली. देव-देव करून गेली ती." दीपेश वाईट मुलगा नाही. त्याला रडू येत नव्हतं, म्हणून तो बोलला. पण बोललं ते सगळ्यांनी ऐकलं. भाऊ पानावर बसलेले, त्यांनी पानाच्या कडेचं मीठ बोटाने जरा पलीकडे सारलं, आणि जेवले.

त्यानंतर ते व्हॅनमध्येच जास्त दिसायचे. कुठे न जाता. संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावायला बाहेर आले की पलीकडे ते स्टेअरिंगपाशी बसलेले असायचे, डावं दार उघडं. कधी मी चहा तिथेच नेऊन द्यायचे. मी त्या उघड्या दारातून दिला तरी ते "इकडून दे" म्हणायचे.

अठराच्या पावसात दाराची खालची कड हातात आली. फोड होते तिथे भोकं पडली. चालवताना खडखड आवाज, पायाखालून रस्ता दिसायचा. दीपेशने त्या दिवाळीत विषय काढला.

"बाबा, ही आता रस्त्यावर न्यायची नाही. मला भीती वाटते. मी माझी गाडी इथे ठेवतो, ड्रायव्हर बघू."

"तुझी गाडी तुला. मला ही आहे."

"ही आहे कुठे? हिचा पत्रा कुठे आहे ते दाखवा."

"तुझी आई बसायची ती जागा आहे ना शाबूत? मग गाडी आहे."

शेवटी माझ्या ओटीवर बसून दोघांचं ठरलं. तलासरीला लक्ष्या म्हणून एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, हायवेजवळ त्याची शेड. तो करतो म्हणाला तर करायचं, खर्च दीपेशचा. तो नाही म्हणाला तर गाडी भंगारात. भाऊ लगेच 'ठरलं' म्हणाले. त्यांची खात्री होती. रंगाचं तर काम, त्याला कितीसा वेळ लागतो.

न्यायला मात्र हे वर्ष उजाडलं, मे महिना. माझी बहीण तलासरीला असते, म्हणून मीही निघाले. भाऊ म्हणाले, "मागे बस." मी मागेच बसणार होते.

लक्ष्या तिशीचा असेल. सगळं शिक्षण गुजरातेत उंबरगावच्या गॅरेजात झालेलं, म्हणून गंजाला तो तिकडच्यासारखं काट म्हणायचा. गाडीभोवती एक चक्कर मारली, बोटांच्या पेरांनी दाराखाली टकटक केलं. वर टणटण, खाली भदभद.

"काका, रंग कोणी मारला?"

"मी."

"फाटकाचा?"

"तुला कसं कळलं?"

"माझा बा पण हाच मारायचा, बैलगाडीला." तो हसला, भाऊही हसले. पाहुणचाराला आल्यासारखे भाऊ बाकावर बसले, पाय लांब करून. "करून टाक रे. तिकडचं डावं दार आधी."

लक्ष्याने दाराचं आतलं झाकण सोडवलं. दोन पट्ट्या ओढल्या, आणि आतून भसकन काहीतरी त्याच्या पायावर पडलं. वाळू. पण वाळूचा रंग राहिला नव्हता, भिजलेल्या गुळासारखा चिखल झाला होता. त्यात चिंध्यांच्या गाठी. एक पिवळी, एक मोरपंखी. मोरपंखी पोलकं मला आठवत होतं, नातेवाइकांच्या लग्नात शिवलेलं.

"आयला," लक्ष्या म्हणाला, "काका, दुश्मनी होती काय कोणाशी? समुद्राची रेती आहे ही. बघा ना, पाणी जायची भोकं खाली असतात दाराला, ती सगळी बुजवलीत. मिठाचं पाणी आतच राहिलं. बाहेरून काय फाटकाचा रंग मारताय, आतून कोणीतरी दहा वर्षं काट लावतंय."

भाऊ उठले नाहीत. म्हणाले, "पाटावरची आहे ती."

लक्ष्याला आधी कळलं नाही. "गणपतीच्या पाटावरची," मी सांगितलं. "काकी ठेवायच्या. गाडी राखायला."

त्याने पायावरची वाळू झटकायला हात नेला होता, तो थांबला. मग त्याने पाय हळूच मागे घेऊन चप्पल काढून ठेवली, आणि शेडमधून एक स्वच्छ डबा आणला. वाळू त्याने हाताने गोळा केली, एकही गाठ न सोडवता. पण बोललेलं परत जात नाही.

मग त्याने जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी नाही. खालचा पत्रा कडकन आवाज करून जॅकभोवती फाटला. मॅट उचलली तर तिच्याखालीही तेच, ओली वाळू आणि भोकं.

"काका, पत्र्याला पत्रा जोडायचा तर जोडायला पत्रा पाहिजे ना," लक्ष्या म्हणाला. "माझ्याने होणार नाही. वापीला मोठी वर्कशॉप आहेत, ती अख्खी खालची बॉडी बदलतात. सगळं उघडतील, सगळी दारं, मग नवीन बसवतील. ती करतील."

गाडी तिथेच सोडून आम्ही शेअर रिक्षाने परतलो. डबा भाऊंच्या मांडीवर. झरी गाव मागे पडल्यावर ते म्हणाले,

"मी नेली नसती पाण्यात तर?"

"भाऊ, वहिनींना चालता येत नव्हतं."

"आणि तिने ठेवली नसती तर." हे विचारलं नाही, नुसतं म्हणाले. नंतर बराच रस्ता गेला. "सगळ्यांत शेवटच्या मीच बांधल्या, नूतन. घट्ट बांधल्या, सुटू नयेत म्हणून."

वाळूने गाडी खाल्ली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या गाडीला पंधरा वर्षांत साधं खरचटलंही नाही, भाऊंसारखा माणूस चालवत असून, हेही मी पाहिलं आहे. दोन्ही खरं कसं, ते मला सांगता येत नाही. देवासमोर बसले की विचारते. माझ्या तांदळाच्या डब्यात अजून ती वाळू आहे. डबा स्टीलचा आहे.

रात्रीच दीपेशचा फोन आला. भाऊंनी सांगितलं, लक्ष्या नाही म्हणाला. आम्हाला वाटलं तो म्हणेल, मग ठरल्याप्रमाणे भंगार. पण बापाच्या आवाजात त्याला काहीतरी ऐकू आलं असावं. भाऊंनी फोनचा स्पीकर लावलेला, मी भाकरी द्यायला गेलेली.

"बाबा, राहू द्या ठरलं ते. वापीला माझ्या ओळखीचं वर्कशॉप आहे. रविवारी क्रेन घेऊन येतो, तलासरीहून परस्पर नेतो. पूर्ण उघडून बघू, एवढी कुजली कशाने ते तरी कळेल. मी स्वतः उभा राहीन. आईची जागा आहे तशी ठेवायला सांगतो."

जे भाऊंना हवं होतं तेच मुलगा स्वतःहून देत होता. भाऊंनी फोनकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या डब्याकडे. उरलेल्या दारांत अजून गाठी होत्या.

"बघू," ते म्हणाले.

शुक्रवारी ते तलासरीला गेले. कोणाला सांगितलं नाही. लक्ष्याकडून भंगारवाल्याला बोलावून घेतलं आणि गाडी जाईपर्यंत तिथेच थांबले. लक्ष्याने नंतर माझ्या बहिणीला सांगितलं, काका डावं दार एकदा लावून बघत होते, ते लागत नव्हतं.

रविवारी दीपेश आला तो ओरडतच आला. "बाबा, मी क्रेन ठरवली होती! मी देतो म्हटलं होतं ना पैसे? एवढं जीव टाकायचात तिच्यावर, आणि दोन दिवस दम निघाला नाही?"

"काय करायचं तिचं," भाऊ म्हणाले. "खाली काही उरलंच नव्हतं."

"पण एवढी सडली कशाने?"

मी कुंपणाच्या फटीत उभी होते, हातात चहाचे कप. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पायरीवर बसल्या बसल्या, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "माझ्यामुळे. दरवर्षी खाऱ्या पाण्यात नेऊन उभी करायचो. तुझी आई नको म्हणायची."

दीपेश त्यांच्या शेजारी पायरीवर बसला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आईचं ऐकायचं होतं, बाबा."

"हो रे," भाऊ म्हणाले. "ऐकायला हवं होतं."

आईचं ऐकायला हवं होतं, हे दीपेशच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. चहा गार झाला होता, मी परत जाऊन गरम केला. तेवढ्या वेळात त्याने रडून घेतलं असावं, कारण कप घेताना त्याचे डोळे लाल होते आणि मला म्हणाला, "काकी, आईचे दोन फोटो आहेत तुमच्याकडे विसर्जनाचे, मला द्याल?"

दीपेशला हे मी सांगितलं नाही. भाऊंनी रिक्षात तोंडाने सांगू नकोस असं म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजही नव्हती. पण लिहून ठेवलंय. उद्या त्याच्या हाती लागलं तर लागो. आईने काय केलं ते वाचून त्याला राग येईल कदाचित. बापाने काय केलं तेही त्याच पानावर आहे.

व्हॅन उभी असायची तिथे गवत पिवळं पडलेलं आहे, चौकोनी. भाऊ संध्याकाळी आता पायरीवर बसतात. परवा आषाढातली संकष्टी होती, मी चंद्रोदयानंतर मोदक घेऊन गेले तर विचारत होते, डहाणूला जायला सकाळची पहिली एसटी किती वाजता, आणि पुढे बसायला जागा मिळते का. मी म्हटलं, मी ह्यांना सांगते रिक्षाने सोडायला. म्हणाले, "नको गं. किती दिवस कोणाकोणाला सोडायला लावू? लोक आता मला वाजवणार नाहीत, मीच थांब्यावर उभा राहतो."

आधारकार्डाची झेरॉक्स त्यांनी आमच्या ह्यांच्याकडून काढून घेतलीय. उद्या सकाळी गोविंदभाऊंना डहाणूच्या एसटी डेपोत जायचंय, ज्येष्ठ नागरिकांच्या अर्ध्या तिकिटाचं कार्ड काढायला.